सगुणाबाईंच्या नाकाची मोहीम, मौजे सावर्डे

श्रीगणेश व ग्रामदेवता यांस साष्टांग नमस्कार करोन, आणि ज्या देवाने मनुष्याचे तोंडावर नाक अगदी मध्यभागी, कोठूनही लागेल अशा बेताने ठेविले त्यासही नमस्कार करोन, मौजे सावर्डे, तालुके चिपळूण, जिल्हे रत्नागिरी येथे शके एकोणीसशे सहा, रक्ताक्षीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी, रविवार, इंग्रजी सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी, मे महिन्याची सहावी तारीख, ये दिवशी दोन प्रहरी जो कठीण प्रसंग गुजरला आणि नवव्या दिवशी फत्ते जाहला, त्याची हकीकत लिहितो. पुढील पिढ्यांनी ती वाचावी, आणि विशेषेकरोन झोपाळ्यावर बसण्यापूर्वी वाचावी. लिहिताना नाकावरचे वाक्प्रचार पुष्कळ सुचले, परंतु ज्यांचे नाक त्या सगुणाबाईंनी ते एकजात मना केले आहेत, सबब हकीकत साधीच जाईल.

त्या समयी सावर्डे मुक्कामी राजमान्य राजश्री भिकाजीराव नांदत होते. हुद्दा पाहता अलोरे येथील प्रकल्पाचे कचेरीत आवक-जावक कारकून, आणि हुकमत पाहता एक टेबल, एक खुर्ची व एक रबरी शिक्का एवढ्या मुलुखावर. पराक्रम म्हणावा तर आजवर काही गाजविला नव्हता, मात्र एका गोष्टीचा त्यांस बहुत अभिमान, ती गोष्ट म्हणजे त्यांचे नाक. हे नाक कपाळापासून सरळ निघे, मध्यावर येताच उजवीकडे वळे, आणि शेंड्याशी आपली चूक कळल्यासारखे थबके. त्यांचे तीर्थरूप कैलासवासी दादासाहेब, त्यांचेही नाक हुबेहूब तैसेच. आमच्या घराण्याचे नाक सातव्या वर्षी वळते, तोवर ते कोणाचेही असते, ऐसे दादासाहेबांनी सांगोन ठेविले होते, आणि भिकाजीराव तीच गोष्ट लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या रांगेत आणि बायको पाहावयास गेले तेथेही सांगत आले होते. त्यांच्या कुटुंब मालनबाई यांचे नाक सरळ. त्याबद्दल भिकाजीरावांनी त्यांस मोठ्या मनाने माफी बक्षिली होती.

आता लढाईचा मजकूर. पंचमीचे दिवशी भिकाजीराव बांगड्याचे कालवण आणि भात यथास्थित जेवून पडवीतल्या झोपाळ्यावर विराजमान जाहले. हा झोपाळा फणसाच्या एकसंध फळीचा, पितळी कड्यांचा, खापरपणजोबांचे वेळचा, आणि त्याचे चारही कोपरे तलवारीच्या मुठीसारखे टणक. भिकाजीरावांनी एक पाय जमिनीस लाविला, डोळे मिटिले, आणि झोपाळ्यास चाल दिली. त्याच वेळी त्यांची एकुलती एक कन्या, वर्षे सात, सगुणाबाई ऊर्फ सगू, पडवीत सागरगोटे खेळत होती, आणि एक सागरगोटा फितूर होऊन झोपाळ्याखाली पळाला, आणि सगू त्यास पकडण्यास वाकली, आणि मग झोपाळ्याने पुढे गेल्यावर मागे येण्याचा आपला वडिलोपार्जित हक्क बजाविला. कट् ऐसा आवाज जाहला. बखरकार येथे झोपाळ्यास कर्ता करितो आणि वर बसलेल्यास आदराने वगळतो, हे वाचकाने ध्यानी ठेवावे.

रक्ताची धार लागली. सगूने ऐसा टाहो फोडिला की महामार्गावरचे ट्रक ऐकू येईनासे झाले. भिकाजीराव खाली उडी टाकोन आले आणि त्यांनी पोरीस पोटाशी धरिले. मग भीतीच्या भरात त्यांच्या तोंडातून आपोआप शब्द निघाले.

"रडू नको सगू. घराण्याचं नाक येतंय तुला."

ऐसे आपण का बोलिलो हे त्यांचे त्यांसही कळले नाही. परंतु सगू एकदम रडायची थांबली, आणि रक्ताळल्या तोंडाने तिने विचारिले की तुमच्यासारखे का. भिकाजीराव होय म्हणाले, आणि लगोलग तिजशी गुप्त तह केला की झोपाळ्यावर कोण बसले होते हे आईस सांगण्याचे प्रयोजन नाही. सगूने मान डोलाविली. पोरगी शब्दाची पक्की, हा एक दोष तिजमध्ये आईकडून आला होता.

मग भिकाजीरावांनी पोरीचे डोके मागे करून कांदा हुंगविण्याची मसलत योजिली आणि कांदा आणावयास स्वतः स्वारी केली. परतोन पाहतात तो मालनबाई चुलीपासून धावत आलेल्या, त्यांनी डोके पुढे वाकविले होते, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरिला होता, आणि तोंडाने श्वास घे म्हणोन पोरीस बजावीत घड्याळाकडे पाहत होत्या. मागे डोके केले तर रक्त घशात जाते, हे त्यांस माहेरच्या आरोग्यकेंद्रातील नर्सबाईंनी शिकविले होते. दहा मिनिटांत धार थांबली. भिकाजीराव तेवढा वेळ कांदा हाती घेऊन उभे होते, आणि पुढे तोच कांदा संध्याकाळच्या आमटीत कामास आला.

त्याच दिवशी तिसरे प्रहरी एस.टी.ने चिपळुणास कूच जाहले. तेथे नाक-कान-घशाचे एक डॉक्टर दवाखान्याच्याच माडीवर राहत, ते सुट्टी असताही खाली उतरले. कसे लागले, ऐसा सवाल त्यांनी पुसिला. भिकाजीरावांनी जबानी दिली की मुलगी रिकाम्या झोपाळ्यावर आदळली. सगूने बापाकडे पाहिले आणि तह पाळिला. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही नाकपुड्या तपासिल्या, मधल्या पडद्यावर रक्ताची गाठ फुगली आहे काय ते पाहिले, आणि नाही म्हणोन सुटकेचा श्वास टाकिला, कारण ती असती तर त्याच घटकेस फोडणे प्राप्त होते. मग त्यांनी हुकूम फर्माविला की आज सूज आहे, सुजेखाली हाड मोडले की शाबूत हे कोणास सांगता येणार नाही, एक्स-रे काढूनही पोरांच्या नाकाचे फारसे उमगत नाही, तरी बर्फाने शेकावे आणि गुरुवारी सूज उतरल्यावर पोरीस घेऊन यावे, येताना तिचा पूर्वीचा एखादा फोटो आणावा, म्हणजे नाक आधी कैसे होते ते पडताळता येईल. आणि एक गोष्ट पक्की ध्यानी धरावी, की पोरांचे हाड लवकर सांधते. वाकडे असेल ते दहा दिवसांचे आत सरळ करावे. मागाहून तेच काम फार अवघड होते, आणि तोवर श्वासाचा त्रास पोरीचा पोरीने सोसावा.

गुरुवार उजाडला आणि सूज उतरली. भिकाजीरावांनी सगूस पडवीच्या उजेडात उभे करोन निरखिले. नाक कपाळापासून सरळ निघत होते, आणि मध्यावर येताच उजवीकडे वळत होते. भिकाजीरावांचा ऊर भरून आला. सातवे वर्ष, उजवे अंग, तंतोतंत दादासाहेब! त्यांनी तेथल्या तेथे फर्मान काढिले की नाक मोडले नाही, वळले आहे, सबब चिपळूणची स्वारी तहकूब. शेजारचे केरू ऐन त्या वेळी पडवीत तंबाखू मळीत होते, त्यांनी साक्ष म्हणोन मान हलविली. केरूंची मान कोणाच्याही म्हणण्यास हलत असे.

मालनबाईंनी अर्ज गुजारिला की पोर तोंड उघडे टाकून निजते, एका नाकपुडीतून वारा जात नाही. भिकाजीरावांनी अर्ज फेटाळिला. आम्हीही तोंड उघडे टाकून निजतो, घोरणे हा घराण्याचा बाणाच आहे, ऐसा शेरा मारिला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सगू दिवसातून दहा वेळा आरशासमोर उभी राही, आपले नाक बोटाने चाचपे, आणि बापाचे नाक चाचपे, आणि खुशीत हसे. श्वास नीट येत नाही, हे तिने विचारल्याशिवाय कोणास सांगितले नाही.

रविवारी जयगडाहून भिकाजीरावांच्या आत्या यमुनाबाई, दादासाहेबांच्या पाठच्या बहीण, वय वर्षे बाहत्तर, सुक्या सोड्यांची पिशवी घेऊन आल्या. मालनबाईंनी त्यांस आपल्या बाजूस वळवून घेतले, आणि सोमवारी सकाळी, म्हणजे नवव्या दिवशी, चूल न पेटविता भिकाजीरावांस अखेरचा खलिता दिला की आज चिपळूण, नाहीतर मी पोरीस घेऊन माहेरी. भिकाजीरावांनी नाइलाजाने कूच कबूल केले, परंतु डॉक्टरास पुराव्यानिशी नामोहरम करावे म्हणोन भिंतीवरची दादासाहेबांची तसबीर, काचेसुद्धा व चंदनाच्या हारासुद्धा, उतरवून काखेस मारिली. एस.टी.त गर्दी होती. दादासाहेबांस कंडक्टरशेजारी जागा मिळाली, आणि भिकाजीराव उभे राहिले.

दवाखान्यात भिकाजीरावांनी तसबीर टेबलावर ठेविली, शेजारी आपला चेहरा ठेविला, त्याशेजारी सगूस उभे केले, आणि घराण्याचे नाक सातव्या वर्षी कैसे वळते हे शास्त्र सविस्तर निवेदिले. डॉक्टरांनी चष्मा पुसला. तीन नाके तीनदा पाहिली. मग अत्यंत शांतपणे निवाडा दिला की ही तिन्ही नाके मोडलेली आहेत, एकाच उंचीवर, एकाच बाजूने आणि एकाच वस्तूने. तरी आपल्या घरात लहान पोराच्या तोंडाच्या उंचीस ऐसे काय टांगलेले आहे?

भिकाजीराव म्हणाले की आत्यास विचारा, माझे नाक वळले तेव्हा आत्या घरीच होती. यमुनाबाई बाकावरून उठल्या.

"वळतंय कसलं मेल्या! नाक म्हणजे काय घाटाचा रस्ता हाय वळायला? झोपाळा लागला होता तुला. वर दादा बसला होता. आमचे आबा ओरडतील म्हणून घाबरला, नि तुला पोटाशी धरून सांगितलान, रडू नको, घराण्याचं नाक येतंय. मला शिरा करायला लावलान तुझ्यासाठी."

भिकाजीरावांस तो शिरा आठवला. बेदाणे होते. आजवर त्यांस वाटे की नाक आल्याच्या आनंदाचा तो शिरा. त्यांनी हळूच विचारिले, की मग दादांचे नाक?

"त्याला आबांनी. तोच झोपाळा."

भिकाजीराव तसबिरीकडे पाहत राहिले. दादासाहेबांनी चंदनाच्या हारातून नजर चुकविली, निदान त्यांस तरी ऐसे भासले. दोन पिढ्यांचे बाप त्यांचे डोळ्यांपुढे उभे राहिले, घाबरलेले, पोर छातीशी धरलेले, आणि दोघांच्याही तोंडी तेच वाक्य, जे आठ दिवसांमागे आपल्याही तोंडून आपोआप निघाले होते.

डॉक्टर म्हणाले की आज नववा दिवस, अद्याप वेळ गेली नाही, भूल देऊन लगेच सरळ करू. तेव्हा सगूने दोन्ही हातांनी नाक झाकिले आणि ती भिंतीस जाऊन चिकटली.

"मला नको सरळ. सरळ झालं का मग मी बाबांची नाय."

भिकाजीरावांस रडू आले. बखरीत अशा वेळी डोळ्यांत धूळ गेली म्हणतात, परंतु दवाखान्यात धूळ नव्हती. ते भिंतीपाशी गेले, गुडघे टेकून पोरीच्या उंचीस आले, आणि बायको, आत्या, डॉक्टर व दादासाहेब यांचे समक्ष भर दरबारात कबुलीजबाब दिला, की झोपाळा रिकामा नव्हता, वर आपण होतो, डोळे मिटून होतो, चूक आपली आहे, आणि ते नाक घराण्याचे नव्हे, बापांच्या भीतीचे आहे. आजवर वाटेल त्या मोहिमेत ते मागे राहिले होते, परंतु ही एक चाल त्यांनी स्वतः केली. मग त्यांनी जन्मातील शेवटचे फर्मान काढिले की आजच्या तारखेपासून घराण्याचे नाक सरळ असे मानावे, आणि त्याचा पहिला मान सगुणाबाईंचा. सगूने बोटांच्या फटीतून बापाच्या नाकाकडे पाहिले.

"नि तुमचं?"

"माझं राहू दे असंच. फळी कुठे लागते ते दाखवायला उपयोगी पडेल."

हे तिला पटले, आणि तिने हात खाली घेतले.

 मालनबाईंनी तसबीर उचलून भिकाजीरावांच्या हाती दिली, आणि पोरीस कडेवर घेऊन त्या आत गेल्या. भूल दिली, एक टिचकी वाजावी ऐसा आवाज जाहला, आणि नाक आपल्या जागी आले. वरून प्लास्टरची छोटी ढाल बांधिली, ती सगूने आठवडाभर मोठ्या दिमाखाने मिरविली. ढाल निघाली तेव्हा नाक सरळ होते, दोन्ही नाकपुड्यांतून वारा खेळत होता, आणि ते हुबेहूब मालनबाईंचे होते. भिकाजीरावांनी त्यास माफी बक्षिली नाही, कारण आता माफी मागण्याची पाळी त्यांची होती.

येणेप्रमाणे वैशाखमासी नाक फत्ते जाहले. सुतार बोलावून झोपाळ्याचे चारही कोपरे गोल करविले, फळी वीतभर वर घेतली, आणि बसणाराने चाल देण्यापूर्वी खाली वाकून पाहावे ऐसा कायदा जाहला. ही हकीकत प्रथम लिहिली तेव्हा तीत झोपाळा रिकामाच होता. सगुणाबाईंनी वाचली, कागद परत दिला, आणि खरे लिहा म्हणाल्या. म्हणोन पुन्हा लिहिली. हस्ताक्षर भिकाजी याचे, अक्षरास व नाकास हसू नये.

झोपाळ्यावर मी होतो.