आबासाहेबांच्या घरास अर्थ लाभला त्याची बखर

श्री विद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, परगणे सेलू, मौजे वालूर येथे राजश्री आबासाहेब यांचे दारी विजेच्या मोटारीस चारापाणी देणेचे ठाणे बसविताना जी मोहीम जाहली, तिची हकिकत लोकांनी पारावर तिखटमीठ लावोन पार बिघडविली, सबब आम्ही शेजारी राहोन डोळां पाहिली तैशी लिहितो. आबासाहेबांकडील चहा आम्हांस रोज पोचतो हे खरे, परंतु खुशामत आमचे लेखणीस ठाऊक नाही. कोणास खोटे वाटेल त्याने आपले दारी मोटार आणोन पाहावे.

आबासाहेब म्हणजे बारा एकर काळ्या जमिनीचे खाविंद, मिशीस पीळ, जबानीस धार. घरी कुटुंब सौभाग्यवती कडूबाई, एकुलते चिरंजीव रामकिशन रेल्वेचे चाकरीत दूर मुलखी तैनात, आणि सारी मदार सूनबाई दीपिका यांजवर. सूनबाईंस परभणी शहरी शाळेत मास्तरकीची सनद मिळाली, आणि सोमवारी, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीस, हजर होणेचा हुकूम आला. रोज जाऊन येऊन करावे तर गाड्यांचा मेळ बसेना, म्हणोन नवराबायकोंनी फोनवर मसलत करोन विजेची मोटार घेतली. मोटार दारी दाखल जाहली, कडूबाईंनी ओवाळली, चाकाखाली लिंबू चिरडिले, आणि मग तिची दोरी भिंतीतील प्लगात खोविली, तो मोटारीने तांबडा दिवा लावोन अन्न वर्ज्य केले. दुसरा प्लग दाविला, तांबडा. देवघरापासचा दाविला, तेथेही तांबडाच. सोमवारपर्यंत मोटार जेवती न जाहली तर सूनबाईंनी परभणीस खोली करोन राहावे ऐसे ठरले, आणि खोली पाहोनही ठेविली. आबासाहेब वरोन म्हणत, खुशाल राहावे. आतून पुरते हवालदिल. कारण सूनबाई गेल्या तर घरात माणसे दोनच, आणि त्या दोघांचे एकमेकांशी बोलावयाचे ते सारे चाळीस वर्षांत बोलोन संपलेले.

मग सेलूहून बजरंग वायरमन यांस पाचारण जाहले. वाढीव भाराचा अर्ज आधीच मंजूर होऊन नवा मीटर लागला होता, त्यामुळे बजरंग निर्धास्त आले, प्रत्येक प्लगात टेस्टर घालोन हुंकार भरिले, आणि चहा घेऊन भर ओसरीत, चार माणसांदेखत बोलिले, "आबासाहेब, राग मानू नका, पण तुमच्या घराला अर्थच न्हाई."

ज्यांनी हयातभर पाच गावचे तंटे तोडिले, मोडत्या सोयरिकी जोडिल्या, त्यांचे घरास अर्थ नाही, आणि हे सांगणार कोण, तर कालचा वायरमन! आबासाहेबांनी बजरंगास तत्काळ हद्दपार केले, त्यांची पक्कड जप्त केली, आणि फर्मान काढिले की या इसमास पुन्हा चहा दिल्यास देणाराचाही चहा बंद. सूनबाई त्या समयी कागदांची झेरॉक्स काढावयास सेलूस गेल्या होत्या. परतोन आल्या तो बजरंग निघोन गेलेले. अपमान सांगावा तर पुन्हा सोसावा लागे, म्हणोन आबासाहेब दोन दिवस मुके, आणि वायरमन काही येईना हे पाहोन सूनबाईंनी निमूट कपड्यांची बॅग भरावयास घेतली.

बुधवारी कडूबाईंस राहवले नाही. त्यांनी भाकरी थापता थापता सर्व वृत्तांत सूनबाईंचे कानी घातला. सूनबाई आधी पोट धरोन हसल्या, मग बॅग तशीच टाकोन ओसरीत सासऱ्यांसमोर बसल्या.

"मामा, इंग्रजीत अर्थ म्हंजी जमीन. विजेची एक तार जमिनीत पुरलेली लागती, ती आपल्या घराला न्हाई, एवढंच म्हणला तो. त्याला बोलवा. मला न्हाई राहायचं परभणीत एकटीला."

आबासाहेब ऐसे गरजले की कडूबाईंची तव्यावरची भाकरी करपली.

"जमीन? बारा एकर अर्थ हाय आमच्याकडं, अन् घराला अर्थ न्हाई म्हणतो?"

आणि तेच पावली ट्रॅक्टर जुंपवोन शेतातील काळी माती ट्रॉलीभर दारी ओतविली, की घ्या लागेल तितका अर्थ. मग जप्त पक्कड पंचाने पुसोन, स्वतः सेलूस जाऊन बजरंगाचे दारी उभे राहिले. माफी मागणे त्यांस येत नाही, सबब पक्कड पुढे करोन म्हणाले की ही तुमची राहिली होती. बजरंग जाणते, काय ते समजले.

गुरुवारी बजरंग कुदळ, कोळसा आणि खडे मिठाचे पोते घेऊन अंगणात उतरले. तो कडूबाई केरसुणी घेऊन आडव्या. आज आवस. आवसेच्या दिवशी दारात खड्डा खणोन त्यात मीठ आणि कोळसा पुरणार म्हणजे काय, गल्लीत तोंड दाखवावयाचे की नाही, उद्या कोणाची म्हैस आटली तर करणी आमचे नावे लागेल, ऐसा त्यांचा खडा सवाल. बजरंगांनी समजाविले की ही खड्ड्यात मसाला भरावयाची रीत आहे, मीठ-कोळशाने जमीन ओल धरते आणि वीज सुखाने उतरते. व्यर्थ. ज्या केरसुणीपुढे आबासाहेबांचा निभाव लागला नाही, तेथे बजरंग कोण? एक दिवस फुकट गेला.

शुक्रवारी पुरुषभर खड्डा जाहला, तळी तांब्याचा पत्रा बसला, आणि बजरंग दुसरे मोहिमेवर निघोन गेले. शनिवारी आबासाहेब मिठाचे पोत्यापाशी पहारा देत होते, तो ऊन उतरतीचे आणि कडूबाईंचे धपाटे झकास, त्यामुळे बाजेवर अंमळ डोळा लागला. नेमके त्याच समयी शेजारचे येडबा धनगर यांच्या चाळीस शेळ्या रानातून परतल्या, त्यांस मिठाचा वास लागला, आणि त्या फौजेने ऐसा हल्ला केला की पोते फाडिले, मीठ चाटोन साफ केले, मग तहान लागली म्हणोन खड्ड्यात ओतावयाचे पिंपभर पाणीही प्यायल्या. आम्ही भिंतीवरोन ओरडलो. आमचे कोण ऐकतो! आबासाहेब जागे जाहले तेव्हा एक बोकड त्यांचे उशाशी उभा राहोन ढेकर देत होता.

आता रविवार एकच उरला. आबासाहेब आमचे देखत बोलिले की जाऊ द्या, पोरीचे जाणे लिहिलेले दिसते. हे ऐकोन आम्हांस फार वाईट वाटले, उगाच का लपवावे. परंतु येडबा शरमिंदे होऊन घरी गेले, आणि आपले जनावरांसाठी साठविलेले मीठ, होते नव्हते तितके, पोत्यात भरोन खांद्यावर घेऊन आले. रविवारी त्याच मिठाचा थर, वर कोळसा, वर बारा एकरांपैकी काळी माती, आणि बजरंगांनीही कबूल केले की ऐसी ओल धरणारी माती शहरात शोधोन मिळत नाही. भिंतीस मोटारीच्या चाऱ्यापाण्याची पेटी बसली, दोरी खोविली, आणि मोटारीने हिरवा दिवा लावोन जेवावयास सुरुवात केली. आबासाहेबांनी बजरंगास स्वहस्ते चहा दिला.

सोमवारी सूनबाई मोटारीत बसोन परभणीस रवाना जाहल्या. आबासाहेबांच्या दिवसभरात वेशीकडे सहा फेऱ्या जाहल्या, आम्ही मोजल्या. विचारावे तर म्हणत, पाय मोकळे करायलोय. दिवस मावळतीस मोटार दारी आली. आबासाहेबांनी दोरी सूनबाईंचे हातून घेतली, स्वतः लाविली, आणि पाठमोरे राहोनच विचारिते जाहले, "खोलीचं काय केलंस?"

"न्हाई म्हणून सांगून आले, मामा."

"बरं केलंस. हात-पाय धू. गाडीचं मी बघतो."

येणेप्रमाणे वालूरची मोहीम फत्ते जाहली. कामी आले ते मीठ एक पोते, पाणी एक पिंप आणि भाकरी एक. त्या सांजेस कडूबाईंनी ताटे तीन वाढिली, हे आम्ही खिडकीतून पाहोन येथे दाखल केले असे.