बिबड्यांच्या राखणीला दोन हेडफोन

हेडफोन घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं आयुष्यात याहून मोठे निर्णय घेतात आणि ते बिनबोभाट पारही पडतात. मी लग्नाचा निर्णय घेतला (म्हणजे वडिलांनी घेतला, मी हजर होतो), तेव्हासुद्धा इतका गाजावाजा झाला नव्हता.

ही एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी जळगावात जिल्हा परिषदेत कारकून. संध्याकाळी घरी आलो की टू-इन-वनवर सतारीची कॅसेट लावायची, हा माझा एकुलता एक शौक. नेमकी त्याच वेळी माझी बायको शालन पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायची. व्हायचं काय, की पोरं तबल्याच्या ठेक्यावर पाढे म्हणायला लागली. सात सक बेचाळीसवर सम आली की तिथेच माना डोलावून थांबायला लागली. शालनने एक दिवस छडी टेबलावर ठेवली आणि मला शांतपणे सांगितलं, "तुम्ही काय हवं ते ऐका. पण मला ऐकू येता कामा नये."

म्हणून मी जवरीलालच्या दुकानात गेलो. जवरीलालच्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. मुलाने निम्म्या दुकानात टेपरेकॉर्डर मांडले, पण विकायची रीत घराण्याचीच राहिली. गादीवर बसवून त्याने माझ्यासमोर हेडफोन उलगडायला सुरुवात केली (उलगडण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी त्याने वायरी उलगडल्या). अगदी स्वस्तातले मी नको म्हणालो. काचेच्या कपाटातल्या फॉरेनच्या मालाकडे पाहून नुसता नमस्कार केला. उरले मधल्या किमतीचे दोन. एक हलका, कानांवर काळ्या फोमच्या चकत्या असलेला. दुसरा दणकट, रेक्झिनच्या गाद्यांचा, अख्खा कान पोटात घेणारा.

"दोन्ही घरी घेऊन जा, साहेब," जवरीलाल म्हणाला. "रविवारभर लावून बघा. वहिनींना दाखवा. पसंत पडेल तो ठेवा, दुसरा सोमवारी परत आणा. फक्त डाग पडू देऊ नका."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ऑफिसात मी आयुष्यभर टेंडरांचे तुलनात्मक तक्ते केले. पंप तपासले, पाइप तपासले, झाडूसुद्धा तपासले. पण जिच्यात आपला जीव आहे अशा वस्तूची तुलना करायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. शनिवारी रात्री मला झोप आली नाही.

रविवारी पहाटे उठलो, तर शालन माझ्याही आधी उठलेली. चुलीवर मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटत होता आणि शेजारच्या धुरपदाबाई काठीने तो हाटत होत्या. बिबड्यांचा, म्हणजे आमच्या खान्देशी ज्वारीच्या पापडांचा, दिवस होता.

इथे अक्काबद्दल सांगायला हवं. भिकुअक्का माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. शालन साताऱ्याकडची. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हापासून अक्काचं एक पालुपद होतं, "पोर गुणी शे, पन तिना हातले खान्देश लागेल नही." शालनने भरीत केलं, शेवभाजी केली, कळण्याची भाकरी केली. अक्का जेवायची, हात धुवायची आणि तेच म्हणायची. पण यंदा अक्काच्या मुलीचं लग्न निघालं आणि काय मनात आलं कोणास ठाऊक, तिने रुखवतातल्या बिबड्या शालनला करायला सांगितल्या. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडलेला फराळा-पापडांचा थाट. व्याह्यांकडच्या बायका तो हात लावून लावून पाहतात. त्यात शालनच्या बिबड्या! आमच्या घरात जणू सरकारी मानपत्र आलं होतं. त्या नेण्यासाठी अक्का त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने येणार होती.

ऊन चढायच्या आत दोघी बायका धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, गेल्या. धुतलेल्या जुन्या धोतरांवर गरम घाट्याचे गोळे ठेवून, पाण्याचा हात लावून, त्यांनी बिबड्या थापल्या. अशा पातळ, की खालच्या धोतराचा काठ दिसावा. लसूण, जिरं, तीळ, लाल तिखट. शालनचे तळवे भाजून लाल झाले होते, पण चेहरा असा खुलला होता की मी बराच वेळ बघत राहिलो. कौतुक वाटलं मला, अगदी मनापासून.

"दुपारी मी जरा पाठ टेकते," ती म्हणाली. "तुम्ही वर बसून राखण करा. कावळे येतील, चिमण्या येतील, पोरं येतील. नीट लक्ष ठेवा."

(शेळीचं नाव या यादीत नव्हतं. मी हे नंतरही निदर्शनास आणून दिलं, पण ते विचारात घेतलं गेलं नाही.)

राखण म्हणजे नुसतं बसणं. मग बसल्या बसल्या हेडफोनची परीक्षा का करू नये? मी टू-इन-वनमध्ये नवे सेल घातले, दोन्ही हेडफोन घेतले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकली. आधी फोमवाला लावला. काय सांगू! डोक्यावर काही आहे असं वाटेचना. सतार गोड, मोकळी, हवेशीर. खर्ज जरासा कमी, पण मधल्या किमतीत माणसाने किती मागावं? मग गादीवाला लावला. अहाहा! सगळं जळगाव बंद झालं. रस्त्यावरची रिक्षा गेली, कुल्फीवाल्याची घंटा गेली आणि तबला थेट छातीत वाजायला लागला. मी डग्ग्याच्या आत बसून ऐकतोय असं वाटलं.

फक्त एक होतं. मे महिन्यात जळगावच्या धाब्यावर रेक्झिनच्या गाद्यांत कान ठेवणं म्हणजे कानांची भजी तळणं. पाच मिनिटांत आतून घामाची धार लागली. जवरीलालचा डाग आठवला. मी पंचा ओला करून डोक्यावरून घेतला, हेडफोनसकट, पार हनुवटीपर्यंत. आत गारवा, अंधार आणि सतार. मोठे मोठे लोक हिमालयात जाऊन जे मिळवतात, ते मला टाकीशेजारी मिळालं.

थोड्या वेळाने तुलनेसाठी पुन्हा फोमवाला लावला आणि चकितच झालो. सतारीच्या मागे एक नवीन, नाजूक आवाज येत होता. कुर्रुम, कुर्रुम. त्याच्या जोडीला मधूनच बारीक घुंगरू. ही कॅसेट मी वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण हे वाद्य मला कधीच ऐकू आलं नव्हतं! मी पुन्हा गादीवाला लावला. कुर्रुम गायब. कॅसेट मागे घेऊन फोमवाला लावला. कुर्रुम हजर! म्हणजे हा दणकट गडी नुसता दांडगा. बारीकसारीक नक्षी त्याच्या गावीच नाही. आणि हा फाटका दिसणारा फोमवाला प्रत्येक कण टिपत होता. मला त्याच्याबद्दल केवढा आदर वाटला!

आणि स्टिरिओ तरी किती सुरेख! कुर्रुम आधी डाव्या कानाशी होतं, मग हळूहळू मध्ये आलं, मग उजवीकडे सरकलं. वाजवणारा जणू बैठकीत फिरत फिरत वाजवत होता. "वाह!" मी पंच्याच्या आतून दाद दिली. "क्या बात है!" दाद मिळाल्यावर त्याने लय वाढवली.

शेवटची खात्री म्हणून मी गादीवाला आणखी एकदा लावला आणि फोमवाला शेजारी चटईवर ठेवला. कुर्रुम नाहीच. निकाल लागला होता. मी विजेत्यासाठी हात लांबवून चाचपडलो, तर हाताला काहीतरी ऊबदार आणि ओलं लागलं. पंच्याचं टोक असेल म्हणून मी ते ओढलं. त्यानेही ओढलं.

मी पंचा काढला.

समोर धुरपदाबाईंची शेळी मैना उभी होती. तिच्या तोंडातून हेडफोनची पट्टी लोंबत होती, गळ्यात घुंगरू होतं आणि डाव्या बाजूची फोमची चकती ती अतिशय तल्लीन होऊन चावत होती. उजव्या बाजूची आधीच पोचली होती. तिच्यामागे धोतरावर बिबड्यांची जागा तेवढी उरली होती. कडेच्या काही बिबड्या शाबूत होत्या. जिन्याच्या तोंडाशी शालन उभी होती.

"काय ऐकत होता?" तिने विचारलं.

"सतार," मी म्हणालो. कानांवर गादीवाला तसाच असल्यामुळे बहुधा ओरडलोच.

"आणि ती काय करत होती?"

साथ करत होती, असं कसं सांगणार?

शालन रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती धोतराच्या कडेला बसली आणि रिकाम्या जागेवरून हात फिरवायला लागली. तिचे ते भाजलेले तळवे पाहून मला इतकी लाज वाटली की धाब्यावरून उडी मारावी (धाबं एकमजली होतं, त्यामुळे नुसताच पाय मोडला असता आणि तिलाच निस्तरावं लागलं असतं). धुरपदाबाई धावत आल्या, मैनाला दोन धपाटे घातले आणि स्वतःच रडायला लागल्या. "वं माय! सत्यानास करा इनी! आते अक्काले काय तोंड दखाडू?"

नव्याने करायचं म्हटलं तर ज्वारी भिजत घालण्यापासून सुरुवात, आणि त्यालाच दोन-तीन दिवस हवेत. अक्का संध्याकाळी येणार. मी म्हणालो, बाजारातून आणू. शालनने माझ्याकडे असं पाहिलं की तो ठराव तिथेच बारगळला.

अक्का आली. पारोळ्याला एसटी पंक्चर झाली म्हणून आधीच तापलेली. पाणी प्यायली आणि पहिलाच प्रश्न, "बिबड्या कोठे शेतस?"

शालनने काहीही लपवलं नाही. ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "अक्का, एवढ्याच उरल्या. बाकीच्या शेळीने खाल्ल्या. आमचं लक्ष राहिलं नाही." 'आमचं' म्हणाली. बघा, काय बाई आहे! मी असतो तर नाव, हुद्दा आणि खातं सांगून मोकळा झालो असतो.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. माझे केस हेडफोनच्या पट्टीने मधोमध दबलेले होते आणि कान अजून लाल होते. तिला पुढे काही विचारावं लागलं नाही. ती धुरपदाबाईंकडे वळली.

"बकरी भुकी व्हती का?"

"नही वं अक्का! टोपलंभर पाला टाकेल व्हता तिले. पोट टम्म व्हतं."

अक्काने एक बिबडी उचलली, उजेडात धरली, तुकडा मोडून तोंडात टाकला. ती सावकाश चावत राहिली. शालनने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. धुरपदाबाई तर देवाचं नाव घेत होत्या.

"शालन," अक्का म्हणाली, "मन्हं नवं लगीन व्हयनं ना, तवय मी पहिल्यांदा बिबड्या करेल व्हत्यात. सासूनी बकरी वनी, सुंगं आनि चालनी गई. एक बी तोंडमा धरी नही. आजलोंग हाई मी कोनलेच सांगेल नही." मग तिने शालनचा हात हातात घेतला. "भरेल पोटनी बकरी धाबावर चढीसन खाई गई, म्हनजे हाई खरी बिबडी शे. मन्ही पोरना रुखवतमा ह्याच जातीन. जितल्या शेतस तितल्या."

शालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत अक्काच्या तोंडून तिने हे कधी ऐकलं नव्हतं. मला मैनाच्या पाया पडावंसं वाटलं.

सोमवारी गादीवाला परत केला आणि फोमवाल्याचा सांगाडा जवरीलालसमोर ठेवला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला. "साहेब, पसंतीला नेलेल्या साडीवर तूप सांडणारं गिऱ्हाईक पाहिलंय," तो म्हणाला, "पण माल खाऊन पाहणारं पहिलंच." पसंत पडला असं समजून त्याने पूर्ण किंमत घेतली आणि तो माझ्याकडेच ठेवला. फोमच्या जागी मी कापूस लावून तो पुढे अनेक वर्षं वापरला. शपथेवर सांगतो, त्या किमतीत तसा हेडफोन होणे नाही.

धुळ्याला लग्न थाटात झालं. रुखवतात अक्काने उरलेल्या बिबड्या मोठ्या परातीत लांब लांब मांडल्या आणि मध्ये कागदी फुलं पेरली. शिंदखेड्याचे व्याही रुखवत बघायला आले. विहीणबाईंनी एक बिबडी मोडली, खाल्ली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "कोणाच्या हातच्या?"

"मन्ही भावजयना हातन्या," अक्का मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "साताराकडनी शे. पन हात दखा!" शालन अशी उभी होती की नवरी तिच्यापुढे फिकी पडावी. माझीही छाती फुगली.

व्याहीबुवा मोठे सज्जन. मला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी विचारलं, "आणि मामासाहेबांनी काय मदत केली?"

"तो राखनले बठेल व्हता," अक्का म्हणाली.

व्याह्यांनी परातीतल्या मोजक्या बिबड्यांकडे पाहिलं. कागदी फुलांकडे पाहिलं. मग माझ्या फुगवलेल्या छातीखालच्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला. मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण बिबड्या मामाने खाल्ल्या हे बरं, की मामाच्या शेजारी बसून शेळीने खाल्ल्या आणि मामा तिला वाहवा देत होता हे बरं, याचा मनातल्या मनात तुलनात्मक तक्ता केला आणि तोंड मिटलं.

"अहो, मामांना आधी पंगतीत बसवा!" व्याही वाढप्यांना ओरडून म्हणाले. "नाहीतर नवरदेवाला दाखवायलाही एक उरायची नाही!"

सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्याने शालन हसली.