दोरा कुठून ओवायचा?

पार्सल दोन दिवस आधी आलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

बुधवारी येणार म्हणून प्रेमराज नानांनी बुधवारपर्यंतचा बेत आखून ठेवला होता. सोमवारी जळगावला जाऊन सागाच्या पातळ फळ्या आणायच्या. मंगळवारी जेवण झाल्यावर, कोकिळाबाईंचा मूड बघून, हळूच विषय काढायचा. पण सोमवारी दुपारी जळगावच्या स्टँडवर नाना कागदात गुंडाळलेल्या फळ्या मांडीवर घेऊन धुळ्याच्या गाडीत बसले, गाडी सुटली आणि फोन वाजला.

"अहो, आलं!" पलीकडून कोकिळाबाईंचा आवाज थरथरत होता.

"काय आलं?"

"मशीन! भलामोठा खोका आहे. वरती चित्र पण आहे. लताबाई म्हणते, एवढं भारी मशीन आख्ख्या देवपुरात कुणाकडे नसेल." मग आवाज एकदम खाली आला. "सव्वीस वर्षं झाली हो. मला वाटायचं, तुम्ही पार विसरून गेलात."



सव्वीस वर्षांपूर्वी नानांच्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा कोकिळाबाईंनी माहेरून आणलेलं पायमशीन तिला देऊन टाकलं होतं. त्या मशीनवर त्या गल्लीभरातल्या बायकांची ब्लाउजं शिवत. मशीन टेम्पोत चढलं तेव्हा नाना म्हणाले होते, "तुला दुसरं घेऊ." त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही. नानांना वाटलं, ती विसरली. तिलाही नानांबद्दल तसंच वाटत होतं.

आता खोक्यात होतं ते शिलाई मशीन नव्हतं. ती करवत होती.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बत्तीस वर्षं धुळ्याच्या स्टँडवर माईकसमोर बसून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आपण हाताने केलेली एकही वस्तू या जगात नाही. त्यातच मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. कुणीतरी लाकडाच्या फळीतून सुरेख मोर कापून काढत होता. छोटंसं टेबल, त्यावरून पुढे आलेला लोखंडी हात आणि त्यात ताणून बसवलेलं दोऱ्याएवढं बारीक पातं, सारखं वरखाली होणारं. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात, हे नानांना त्या दिवशी कळलं.

मग आठ महिने त्यांनी अभ्यास केला. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत अंतर किती, म्हणजे केवढी फळी फिरेल? वेग कमीजास्त करता येतो का? पातं टोकाला खिळी असलेलं की बिनखिळीचं? खिळीचं पातं बसवायला सोपं, पण बारीक भोकातून जात नाही. मग मोराचा डोळा कसा कोरणार? कोपऱ्यावरच्या रुपचंद मिस्त्रीला त्यांनी इतक्या वेळा विचारलं, की नाना दिसले की तो रंधा हातात घेऊन आतल्या खोलीत जायचा. शेवटी एकदा तो वैतागून म्हणाला, "नाना, एवढा इचार तर मी बायको करताना नव्हता केला!"

या आठ महिन्यांत कोकिळाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरून दोनचारदा मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं होतं. बारीक टेबल, बारीक सुई, वरखाली, वरखाली.

"काय बघताय?"

"मशीन."

"कशाला?"

"घ्यायचं म्हणतो एक."

त्या दिवशी संध्याकाळी शेवभाजीत शेव जरा सढळ पडली होती.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" फोनवर कोकिळाबाई विचारत होत्या.

बत्तीस वर्षं आख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा नानांचा आवाज पुढच्या सीटपर्यंतही गेला नाही. "येतंय," ते म्हणाले. "तू... तू खोका उघडू नको. मी आलो की उघडू."

"नाही उघडत. तुमच्या हातूनच उघडायचाय."

एरंडोल आलं, गेलं. घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं, असं नानांनी ठरवलं. पारोळ्याला ठरवलं, की आधी चहा होऊ द्यायचा, मग सांगायचं. गाडी धुळ्यात शिरली तेव्हा त्यांनी ठरवलं, की खोका दुकानातून चुकून आला असं म्हणायचं. रिक्षा पांझरेच्या पुलावर आली आणि त्यांच्या लक्षात आलं, की खोक्यावर त्यांचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट.

दारात चपलांचे सात जोड होते.

आत खोका पाटावर ठेवला होता. त्यावर हळदकुंकू होतं, शेजारी नारळ. कोकिळाबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या होत्या. शेजारच्या लताबाई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर डाळिंबी रंगाचं ब्लाउजपीस होतं.

"या नाना, या!" लताबाई म्हणाल्या. "मनी पोर दिपमालाना साखरपुडा शे रविवारले. पहिलं बिलाउज मनंच, सांगी ठेवस!"

"पण कसं आहे..." नानांनी सुरुवात केली.

"आधी नारळ फोडा," कोकिळाबाई म्हणाल्या.

नानांनी नारळ फोडला. नारळ फोडून झाल्यावर खरं बोलणं आणखी अवघड झालं. खोका उघडला, थर्माकोल निघाला आणि काळं, जड मशीन टेबलावर आलं. बायका पुढे सरकल्या. कोकिळाबाईंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं, टेबलाखाली हात घातला.

"बॉबिन कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "आणि दोरा कुठून ओवायचा?"

"मी जरा पुस्तक वाचून सांगतो," नाना म्हणाले आणि माहितीपुस्तक उघडून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खरं सांगायला धीर गोळा करण्यापुरती तरी त्यांना दोन मिनिटं हवी होती.

लताबाईंकडे दोन मिनिटं नव्हती. "वाचनं काय त्यामा? मशीन म्हणजे मशीन!" त्यांनी पीन बोर्डात घातली, ब्लाउजपीस टेबलावर पसरलं आणि बटण दाबलं.

पात्याच्या दातांनी कापड धरलं. डाळिंबी कापड एकदम जिवंत झाल्यासारखं टेबलावर थडथड नाचायला लागलं. लताबाईंनी ते मागे ओढलं. मशीन सोडेना. टर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. नानांनी धावत जाऊन बटण बंद केलं, तेव्हा लताबाईंच्या हातात अर्धं कापड होतं आणि अर्धं पात्यात लोंबत होतं.

"अरे देवा! बठ्ठं फाडी टाकं!" लताबाई ओरडल्या. "हाई कसानं मशीन शे वं कोकिळा?"

कोकिळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय आहे हे?"

"करवत," नाना म्हणाले.

चपलांचे सातही जोड पाच मिनिटांत गेले.

कोकिळाबाई भांडल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं. त्यांनी हिरवी साडी घडी करून कपाटात ठेवली, भात टाकला आणि फोडलेल्या नारळाची चटणी केली. जेवताना नाना म्हणाले, "माझं चुकलं. मी फोनवरच सांगायला हवं होतं. उद्या आपण शिलाई मशीन घेऊन येऊ."

"नको," त्या म्हणाल्या. "आठवण करून दिल्यावर आणलेलं नको."

चटणी तिखट नव्हती, तरी नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी नाना फाटका तुकडा खिशात घालून आग्रा रोडवर कापड शोधत हिंडले. नवव्या दुकानात रंग जुळला. ते पीस घेऊन कोकिळाबाई मागच्या ओसरीत बसल्या आणि लताबाईंचं ब्लाउज सुईदोऱ्याने, हाताने शिवायला लागल्या. चूक कुणाचीही असो, फाटलं आपल्या घरात, एवढाच त्यांचा हिशोब.

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नानांनी करवत मांडली. एवढं रामायण झाल्यावर निदान एक मोर तरी निघावा, असं त्यांना वाटत होतं. सागाच्या फळीवर त्यांनी मोराचं चित्र चिकटवलं आणि बटण दाबलं. मानेच्या वळणावर पातं तुटलं. टक्! दुसरं बसवलं. टक्! तिसरं तुरा येईपर्यंत टिकलं. टक्!

कोकिळाबाईंची सुई चालू होती. चौथ्या टक्ला ती थांबली.

"ढकलताय कशाला त्याला?"

काल रात्रीच्या जेवणानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं. नाना दचकले. "ढकललं नाही तर कापणार कसं?"

"ते त्याच्या चालीने कापतंय ना? तुम्ही फक्त वळवा." कोकिळाबाई उठून जवळ आल्या. "पानाच्या आकाराचा गळा शिवलाय कधी? वळणावर सुईच्या अंगावर गेलं की सुई मोडते. कापड फिरवायचं असतं, सुईला तिच्या जागी राहू द्यायचं. उठा."

नाना उठले. पाचवं पातं त्यांनीच बसवून दिलं. कोकिळाबाईंनी वेग कमी केला, पदर खोचला, दोन्ही हातांची बोटं फळीवर हलकी पसरली आणि फळी वळायला लागली. मान आली, तुरा आला, पिसाऱ्याची एकेक कमान आली. भुसा उडत होता आणि त्या मधूनच फुंकर मारत होत्या. डोळ्यासाठी नानांनी भोक पाडून दिलं. त्यातून पातं ओवताना त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "असा ओवायचा होय दोरा."

मोर फळीतून अलगद सुटून त्यांच्या हातात आला. पातं शाबूत होतं.

नानांनी मोराच्या कडेवरून बोट फिरवलं. आठ महिने त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते बायकोच्या बोटांत पहिल्यापासूनच होतं. त्यांना हेवा वाटला, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते सव्वीस वर्षांचं.

"चल," ते म्हणाले. "शिलाई मशीन घ्यायला. आठवण करून दिलीस म्हणून नाही म्हणत. तुझा हात बघून म्हणतोय."

कोकिळाबाईंनी अंगावरचा भुसा झटकला आणि चप्पल घातली. दुकानात नाना टाक्याची लांबी आणि मोटरची ताकद विचारायला लागले, तोवर त्यांनी तिसऱ्या मशीनचं चाक एकदा हाताने फिरवून पाहिलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "हे द्या." दहा मिनिटं लागली.

रविवारी साखरपुड्यात लताबाईंनी नवीन ब्लाउज घातलं होतं, पण पाहुणे पाहत होते ती स्टेजवरची, कोकिळाबाईंनी कोरलेली लाकडी पाटी. 'दिपमाला आणि समाधान', सगळी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, एकही सुटलेलं नाही. लताबाई सगळ्यांना सांगत फिरत होत्या, "मनं बिलाउज फाडीनच शिकनी ती!" नवरदेवाकडची मंडळी फैजपूरची होती. त्यांनी जाताना कोकिळाबाईंचा नंबर घेतला.

तीन महिन्यांनी एका सकाळी फैजपूरहून पितांबरशेठ नावाचे केळीचे बागायतदार घर शोधत आले. नव्या बंगल्यासाठी त्यांना देवघराची जाळी हवी होती. दार नानांनी उघडलं. बनियनवर भुसा, भुवयांवर भुसा.

"ते लाकडात कोरणारे कारागीर इथंच राहतात ना?" शेठनी विचारलं.

"हो. बसा. त्या एक वळण घेताहेत. मधे थांबवलं की रागावतात."

ओसरीतून मशीनचा आवाज येत होता. पितांबरशेठनी भिंतीवरचे मोर, पोपट, वेली न्याहाळल्या. "वा! आणि तुम्ही काय करता?"

"मी?" नाना म्हणाले. "मी घासतो."

"लाकूड?"

"लाकूडही," नाना म्हणाले आणि चहाचं भांडं घासलेलं आहे का ते बघायला आत गेले.