शेणखताला आमेन

पापडी गावच्या सायमनला लॅटिनच्या एम.ए.त पहिला वर्ग मिळवायचाच होता. तो मिळाला तरच पुढे पीएच.डी.च्या संशोधनाला घेऊ, असं प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितलेलं. तोंडी परीक्षा महिन्यावर आली. घरात बहिणींचा कलकलाट, म्हणून गडी पुस्तक घेऊन वाडीत गेला आणि केळींखाली येरझारा घालत मोठ्यानं पाठांतर करू लागला.

तिथेच घोटाळा झाला. पापडीत लॅटिन ऐकू यायचं ते फक्त चर्चमध्ये, मिस्सेच्या उपासनेला. रहाटावर पाणी भरायला आलेल्या शेजारच्या सेलिनमावशीनं ते कानी पडताच हंडा खाली ठेवला, गुडघे टेकले आणि उतारा संपल्यावर भक्तिभावानं म्हणाली, "आमेन."

आता सायमन म्हणत होता ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या रोमन बागाईतदाराचं शेणखतावरचं प्रकरण. हे मावशीला कुठल्या तोंडानं सांगणार? बिचारा गप्प बसला आणि तेच नडलं. दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या. तिसऱ्या दिवशी अँथनीकाका आटलेली म्हैस घेऊन हजर. आठवड्याभरात दर उताऱ्याला वीस-पंचवीस जणांचं आमेन पडू लागलं.

अखेर सायमननं हात जोडले. "मावशी, ही प्रार्थना नाही. शेणखत कसं मुरवावं ते लिहिलंय."

"मंग काय झालं?" मावशी म्हणाली. "खताबिगर केलीला घड येतात काय? तू वाच."

त्यात अँथनीकाकांची म्हैस नेमकी त्याच सकाळी दूध देऊ लागलेली. मग सायमनचं कोण ऐकतंय?

परीक्षेत तेच प्रकरण आलं. सायमननं पहिला उतारा खणखणीत म्हटला आणि थांबला. आमेनशिवाय पुढचं आठवेचना. समोर तीन परीक्षक, खोलीत चिडीचूप. पीएच.डी. डोळ्यांदेखत हातची चालली. परीक्षकांत एक म्हातारे पाद्री होते, जन्मभर मिस्सा सांगितलेले. ती शांतता त्यांना सोसवेना. डोळे मिटून ते सवयीनं पुटपुटले, "आमेन."

सायमन जो सुटला तो प्रकरण संपवूनच थांबला.

पहिला वर्ग मिळाला, संशोधनाचा विषयही ठरला: रोमन लोकांची शेती. घरचा केक घेऊन तो मावशीकडे गेला आणि परीक्षेची हकीकत सांगितली. मावशीला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"आता हे संशोधनाचं पुस्तक केवढं होनार रे?"

"असेल चारशे पानांचं."

मावशीनं क्षणभर आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, "मंग खाली घ्यायला गोनपाट आनते."