हरेश्वरकाका आणि हवेची गळती

हरेश्वरकाकांना काहीही विचारा, ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर कधीच देत नाहीत. आगाशी गावात त्यामुळे त्यांचा मोठा दरारा आहे. शेजारच्या एका गृहस्थाने त्यांना विचारलं, "काका, मुलीला स्थळ आलंय. काय करू?"

काका म्हणाले, "टेकू लाव तिला."

गृहस्थ घरी गेला, दोन दिवस विचार करत बसला आणि मुलीचं शिक्षण पुरं होईपर्यंत त्याने लग्नाचं नाव काढलं नाही. काका किती खोल बोलतात, हे तो आजही सांगतो.

मी विरारला फ्लॅटमध्ये राहणारा नोकरदार माणूस. मोडकी खुर्ची दुरुस्त करून घ्यायला म्हणून काकांकडे गेलो. ते एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घराच्या पडवीत त्यांनी वर्कशॉप थाटलंय. त्या दिवशी पडवीच्या मधोमध एक गंजलेला एअर कॉम्प्रेसर उभा होता. खाली लांबट टाकी, वर मोटर आणि पंप. बोलायचं म्हणून मी विचारलं, "किती जुना आहे, काका?"

"हो, पुन्याहूनच आनला."

महिनाभर मी तो पुण्याचा समजत होतो. मग काकींनी सांगितलं की तो नालासोपाऱ्याच्या एका बंद पडलेल्या टायरवाल्याकडचा आहे. मी गोंधळलो, पण काकांना पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. न जाणो, त्यातही काही खोल अर्थ असायचा.

खुर्ची राहिली बाजूला. "धर," म्हणत काकांनी माझ्या हातात पाना दिला आणि माझे रविवार गेले. टाकीखालचा कॉक उघडला तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. टाकी दाबाला टिकते का, ते बाहेरून तपासून आणलं. पिस्टनच्या रिंगा, पट्टा, प्रेशर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं नवं बसवलं. काकांचा हात असा चाले की बघत राहावं. बोलणं मात्र तसंच.

"तेल किती घालू, काका?"

"वेळ लागनारच."

मी आपला ओतत राहिलो. तेल पंपातून माझ्या पँटवर आलं. काकांनी नुसतं फडकं दिलं.

शेवटी मशीन सुरू करायचा दिवस उजाडला. बटण दाबताच पडवी धडधडायला लागली. काका टाकीवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. गेजचा काटा वर चढला, टाकी भरताच मोटर आपोआप थांबली आणि त्या शांततेत मला फुस्स असा आवाज ऐकू आला.

"काका, गळतंय!"

"कळतंय रे, मला सगळं कळतंय."

"अहो, गळतंय!"

"कळतंय म्हनलं ना!"

मी नळीच्या जोडाकडे बोट दाखवलं. काका वाकले, जोडापासून वीतभर अंतरावर कान नेला आणि म्हणाले, "काय नाय. गप हाय."

आवाज एवढा होता की बाकावर झोपलेलं मांजर उठून निघून गेलं. मला काही समजेना. कान माझे बिघडलेत की काका माझी गंमत करतायत?

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. काकांच्या पाठीमागूनच हळू म्हणाल्या, "मांजराला ऐकू आलं, यांना नाय. दोन वर्सं झाली. कोनाला सांगत नाय. मलापन नाय."

पुण्याचा कॉम्प्रेसर, पँटवरचं तेल, मुलीला लावलेला टेकू, सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं. हसावं की काय करावं, कळेना.

मी वाटीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने जोडाला लावलं. भराभर बुडबुडे फुगले. काकांनी बुडबुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टाकीतली हवा सोडली, नट आवळला. बराच वेळ हात पुसत राहिले.

"तुला समजलं वाटते."

मी मान हलवली.

"हे चालू झालं ना, की हातातनं ऐकू येते. मानसं नुसती तोंड हलवतात." मग म्हणाले, "नात फोनवर बोलते, नाशिकवरनं. चेहरा दिसते, पन आवाज नाय. मी नुसता हसतो. तिला वाटते, आजोबांना सगळं पटते."

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणालो, "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"हो," काका म्हणाले.

हा 'हो' ऐकून म्हटलेला की नुसताच, मला काही कळलं नाही. सकाळी रजा टाकली आणि रिक्षा घेऊन आगाशीला गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून ओट्यावर बसले होते.

काकी म्हणाल्या, "पहाटेपासून बसलेत. तीनदा विचारलं मला, तो उद्याच म्हनला ना?"