सात पूर्वज आणि पोतंभर पेनं

शाळेने कुबातपुढे सहावीतच हात टेकले. पण सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. थोरल्या भावाने, सापारदादाने, घोडीवर पुढ्यात बसवून ती घोकून घेतली होती. चुकलं की टपली. "सात नावं न येणारा किरगिझ म्हणजे अनाथ, धाकट्या," दादा म्हणायचा.

दादा जाऊन दहा महिने झाले होते. रीतीप्रमाणे वर्षाच्या जेवणाला त्याचीच घोडी कापायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण घोडी दिसली की कुबातला तिच्यावर बसलेला दादाच दिसायचा. म्हणून त्याने ठरवलं: आपण कमवायचं, दुसरा घोडा आणायचा आणि हिला वाचवायचं. (असले थोर निर्णय तो विचार करण्याआधीच घेत असे.)

फोनवर जाहिरात दिसली, 'घरबसल्या पेनं जोडा'. त्याने लगेच फोन लावला.

"आधी अनामत लागेल," पलीकडचा म्हणाला.

परक्याला पैसे कसे द्यायचे? कुबातने आपल्याकडची पक्की कसोटी लावली. "तुमचे सात पूर्वज कोण?"

"आधी तू सांग, धाकट्या."

कुबातने एका दमात सातही सांगितले.

"अरे, हेच तर माझे! तू आपल्याच घरचा निघालास!"

'धाकट्या' ही हाक दहा महिन्यांनी कानावर पडली होती. कुबात ढसाढसा रडला, आणि सकाळी अनामतीच्या पैशांसाठी घोडी व्यापाऱ्याला विकून मोकळा झाला. महिन्याभरात परत घेऊच की!

पोतं आलं. तीन आठवडे तो आणि दादाची बायको झुउरावहिनी पेनं जोडत बसले. काम संपलं तेव्हा त्या माणसाचा फोन बंद झाला होता, आणि घोडी डोंगरापलीकडे गेली होती. पेनांपैकी एकही चालत नव्हतं. (हे इतके दिवस कळलं नाही, कारण घरात लिहितं कोण?)

"नावं आधी कोणी सांगितली? त्याने का तू?" वहिनीने विचारलं.

"मी."

"मग त्याने?"

"तो म्हणाला, हेच माझे."

"शाबास! पूर्वज सात आणि अक्कल शून्य."

घोडीचं खुंटीवरचं रिकामं खोगीर मात्र ती रोज पुसत राहिली. त्यापेक्षा तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं कुबातला वाटे. दादाने दिलेली एकुलती एक विद्या त्याने चोराला म्हणून दाखवली होती.

वर्षाच्या जेवणाला मेंढ्यावर भागवलं. पाहुणे उठत होते तेवढ्यात फोन वाजला.

"तुमचे बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो. थोडी फी लागेल."

वहिनीने डोळे वटारले. कुबात ताठ झाला. "तुमचे सात पूर्वज कोण? आणि आधी तुम्ही सांगायचं!"

फोन कट झाला. वर्षभरात पहिल्यांदाच वहिनी हसली. "शिकलास रे बाबा!"

कुबातही हसला. मग जरा वेळाने हळूच म्हणाला, "वहिनी, बिचारा विसरला असेल. परत फोन लावून पहिली दोन नावं सांगून बघू का?"