नव्या चादरीची तबकडी

"तारं बघायला पाच वर्षं? आन् ती बी कुटल्या डोंगरावर?" मालतीबाईंनी नवी लाल चादर पहिल्या धुण्यासाठी मिठाच्या पाण्यात बुडवली आणि विषयही तिथंच बुडवला.

दिपालीला संशोधनाची जागा मिळाली होती, आणि होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. महादेवप्पांचं मन लेकीकडं होतं, पण बायकोचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. शिवाय त्यांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता.

"पण त्या ताऱ्यांत शोधायचं काय असतं गं?"

"अप्पा, हे तारे लई तापलेले आणि गरागरा फिरणारे. कमरेपाशी त्यांच्या अंगचा वायू सुटतो आणि भोवती तबकडी होऊन फिरत राहतो. त्यातला हायड्रोजन चमकतो, म्हणून प्रकाशाच्या पट्ट्यात लाल रेघ उठून दिसते."

"फिरल्यावर सुटायचंच की! त्याला पाच वर्षं कशाला?"

"नुसतं फिरून सुटत नाही. आतून कसला तरी धक्का लागतो. तो नेमका कसला, तेच तर कळत नाही."

महादेवप्पा कान खाजवू लागले. मिक्सरपासून पंख्यापर्यंत घरातली एकही वस्तू त्यांनी उघडून बघितल्याशिवाय सोडली नव्हती. झाकण उघडलं की वॉशिंग मशीनचा ड्रायर थांबतो, हे न पटल्यामुळं त्यांनी त्याच्या खटक्यात काडी खुपसून ठेवली होती. तेव्हापासून तो बिचारा उघड्यावरही फिरत असे.

मालतीबाई भाकरी थापायला वळल्या, तशी अप्पांनी लाल रंग गळणारी ओली चादर मोरीतल्या ड्रायरमध्ये कोंबली. सोलापुरी चादर ती, जाडजूड. बरीचशी वरच राहिली. यंत्र घरघरलं, पण थेंबही उडाला नाही.

"दिपे, खरं हाय तुजं. फिरतंय, पण सुटंना!"

"अप्पा, बंद करा ते!"

"थांब, धक्का दिऊन बघू की." आणि त्यांनी यंत्राला गुडघा मारला.

मोरीच्या चारही भिंतींवर सरळ लाल रेघ उमटली. अप्पांच्या पांढऱ्या बंडीला कमरपट्टा मिळाला. पिठाच्या हातांनी मालतीबाई दारात आल्या आणि बघतच राहिल्या. आता कसली परवानगी, असं दिपालीला वाटलं.

"अहो, हे काय केलं?"

"तबकडी!" अप्पा हरखून म्हणाले. "पण मालती, गुडघ्यानं आत नेमकं काय झालं गं?"

मालतीबाईंनी भिंत बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं. प्रश्न सुटल्याशिवाय हा माणूस गप्प बसायचा नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना पुरतं कळलं होतं. तोवर अप्पा कपाटातली निळी चादर काढायला निघालेही होते.

"दिपे," मालतीबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता कळव, येते म्हणून. पाच सोड, सात वर्षं लागू दे. पण त्या धक्क्याचं उत्तर घिऊनच ये. न्हाईतर या घरात एक चादर राहायची न्हाई!"